कुलरसमोरची जागा

होळी झाली की चंद्रपुरातले आवाज बदलतात. गच्चीवरून, जिन्याखालून, पत्र्याच्या शेडमधून कुलर ओढून काढल्याचा खरखराट सुरू होतो. रस्त्याच्या कडेला लाकडाच्या पिळदार तुसांचे सोनेरी ढीग लागतात. आम्ही त्याला नुसतं ‘गवत’ म्हणतो. कोणी पंप पाण्यात बुडवून तपासतो, कोणी पंख्याला तेल देतो, आणि मग एखाद्या दुपारी कोणाच्या तरी खिडकीतून तो वास येतो. ओल्या गवताचा, थंड पत्र्याचा, नुकत्याच भरलेल्या टाकीचा. इथला उन्हाळा ज्याने अंगावर काढला आहे त्याला त्या वासाने सुटल्यासारखं वाटतं. मी मात्र जागच्या जागी थांबते. अर्धा श्वास आत घेते आणि छातीत काही हललं का ते बघते. मगच उरलेला घेते.

ही सवय जन्माची नाही. एका उन्हाळ्याने ती लावली.

लग्न होऊन मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा हिवाळा होता. माहेर जिवतीकडचं, डोंगरावरचं. बाबांची कोरडवाहू शेती, कापूस, ज्वारी, थोडी तूर. आमच्या घराची आणि गोठ्याची भिंत एकच होती. बैलाने मान हलवली की घुंगरं माझ्या उशाशी वाजल्यासारखी वाटायची. शेणाचा, कडब्याचा, भिजल्या पोत्यांचा वास मला कधी वास वाटलाच नाही, ती आमची हवाच होती. तिथून मी अशा ठिकाणी आले जिथे सगळी घरं सारखी, सकाळी कंपनीच्या बस ओळीने निघणार आणि कुठूनही मान वर केली तरी वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसणार. घरात माणसं तीन. नवरा अमोल, वीजकेंद्रात कामाला. त्याची धाकटी बहीण पल्लवी, कॉलेजात. आणि सासूबाई. सासरे काही वर्षांपूर्वी गेले होते.

सासूबाई बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. मी कणीक मळताना बघायच्या, माहेरच्या फोनवर बोलताना बघायच्या. वाईट असं कधी काही बोलल्या नाहीत. पण मी डब्याचं झाकण लावलं की थोड्या वेळाने येऊन ते पुन्हा एकदा दाबून बघायच्या. बीएस्सी झालेली मी, प्रयोगशाळेत तराजूवर बसल्यासारखी त्या घरात वावरत होते.

मार्च सरता सरता अमोलने खिडकीला कुलर लावला. सासऱ्यांनी वेल्डिंगवाल्याजवळ उभं राहून बनवून घेतलेला, भला थोरला, हिरव्या रंगाचा. भिंतीवरचा फोटो पुसावा तशा हाताने सासूबाई तो पुसायच्या. ताट्या भरायचं कामही त्यांचंच. ताट्या म्हणजे कुलरच्या तीन बाजूंच्या जाळ्या. त्यात गवत भरायचं, वरून पाणी झिरपायचं आणि त्या ओल्या गवतातून पंखा हवा ओढायचा. सासूबाई ताज्या गवताची मूठ वरून दाबून बसवायच्या आणि म्हणायच्या, “झालं. यंदाचं झालं.”

दुपारची जेवणं झाली की कुलरपुढे सतरंजी पडायची. पहिल्या दिवशी मी कडेला, भिंतीशी पडले होते. सासूबाईंनी बघितलं.

“तिथी कायले? इकडे ये. डोंगरातून आली तू, तुले इथचं तपन सोसणार नाई. पल्लवी, सरक व.”

“ते माझी जागा आहे, आई.”

“होती,” सासूबाई म्हणाल्या.

मी कुलरच्या अगदी तोंडाशी आडवी झाले. थंड, ओलसर हवा कपाळावर, गळ्यावर, पायांच्या बोटांवर. बाहेर डांबर वितळत होतं आणि मी डोळे मिटून पडले होते. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, आपण या घरातल्या झालो.

मग खोकला सुरू झाला. आधी सुका, लाजरा, पाहुण्यांसमोर दाबता येईल असा. नंतर दाबता न येणारा. जिना चढताना मध्येच थांबायला लागायचं. एका संध्याकाळी पोळ्या लाटताना मला शीळ ऐकू आली. दाराच्या फटीतून वारा शिरताना येते तशी, बारीक. मी खिडकी बघितली, दार बघितलं, कुकरची शिट्टी बघितली. शीळ माझ्याच छातीतून येत होती.

घरात ज्याचा त्याचा संशयित वेगळा. अमोलला वीजकेंद्राच्या राखेचा संशय. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून तो ते बोट मला दाखवायचा. पल्लवीचा राग समोरच्यांच्या मांजरीवर. शेजारच्या काकू म्हणायच्या, मोहाची फुलं वेचायसाठी जंगलात पालापाचोळा जाळून राह्यले लोक, त्याचा धूर इथवर येते. मी स्वतः काय काय धरलं त्याची तर मला आज गंमत वाटते. नव्या साडीचा रंग, साबण, तुरीची डाळ. एकदा तर सासूबाईंनी दिलेला चहा मी हातात धरून बसले आणि त्या आत गेल्यावर मोरीत ओतला. सासूबाई मात्र कशाकडेच बोट दाखवत नव्हत्या. मला त्याचीच भीती वाटायची.

चौदा एप्रिलला कॉलनीत मिरवणूक होती. पांढरी साडी नेसून मी इतर बायांबरोबर चालले होते. ढोल वाजत होते, निळा गुलाल हवेत उडून पुन्हा खाली बसत होता, ओळखीचे-अनोळखी सगळे एकमेकांना जयभीम करत होते. मीही हात जोडले, आणि तोंडातून शब्द निघेना. हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती. हे बुडण्यापेक्षा वेगळं असतं. बुडताना हवा नसते. इथे छाती हवेने गच्च भरलेली असते आणि तरी माणूस हवेसाठी तडफडतो. अमोलने मला गाडीवर बसवलं, पल्लवीने मागून धरलं. दवाखान्यात नाकातोंडावर मास्क लावला आणि त्यातून औषधाची वाफ आत जाऊ लागली, तेव्हा कुठे मला माझे हात निळे दिसले. पहिल्यांदा घाबरले, मग कळलं की तो गुलाल होता.

“दमा आहे,” तिथले तरुण डॉक्टर म्हणाले. “आधी कधी झाला होता?”

“नाही.”

सासूबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. डॉक्टर गेल्यावर जवळ आल्या, माझ्या अंगावरची चादर सारखी केली आणि हळूच म्हणाल्या, “आता खरं सांग. इथी दुसरं कोणी नाई.”

माझा मास्क अजून चेहऱ्यावरच होता.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी माझ्या मायला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, मला एकच बाजू ऐकू येत होती.

“जयभीम, इहीणबाई. एक इचारते, राग नका मानू. पोरीले लहानपणी दम लागत होता का?” मग बराच वेळ काही नाही. “नाई म्हंता? बरं. मोठ्या डॉक्टरले दाखवलं होतं का कधी? नाई. बरं. नाई, आमी काई म्हणून नाई राह्यलो. पण सांगितलं असतं तं आमी नाई थोडीच म्हटलं असतं? लपवाले नव्हतं पाहिजे.”

गॅसवर दूध उतू गेलं. मी ते तसंच बघत राहिले.

संशयाची एक खोड आहे, तो मागे चालत जातो. त्या फोननंतर मी माझं बालपण उलगडून तपासायला लागले. आजोबा पहाटे खोकायचे, तो कसला खोकला होता? मावशी आणि माय बोलत असताना मी आत गेले की त्या कधी कधी गप्प व्हायच्या, का? शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत मला एकदा उतरवलं नव्हतं, कोणी अडवलं होतं? आठवणी साध्याच होत्या, माझ्या घरातल्या, माझ्या माणसांच्या. पण एकदा त्या नजरेने बघितलं की प्रत्येकीच्या पाठीमागे काहीतरी लपल्यासारखं दिसू लागलं. दुसऱ्यांनी आपल्यावर संशय घ्यावा हे सोसवतं. आपण आपल्याच मायवर घ्यावा, हे फार एकटं करून टाकतं.

मायबाबा आले. बाबांच्या अंगात धुतलेला पांढरा सदरा, मायच्या हातात ज्वारीच्या पिठाची आणि तुरीच्या डाळीची पिशवी. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. सगळे कुलरच्या हवेला बसले. तापलेल्या एसटीतून आलेले बाबा “हवा मस्त आहे जी,” असंही म्हणाले. मग खरं बोलणं निघालं.

“पोरगी आमी तुमाले धडधाकट देली,” बाबा म्हणाले. “शेतात राबली, गाडीबैल हाकला तिनं. कधी झोपून नाई राह्यली.”

“मंग इथी येऊनच कशी बिघडली?” सासूबाई म्हणाल्या. “आमी काय खाऊ घातलं तिले?”

“ते तुमी सांगा ना, इहीणबाई,” माय म्हणाली.

मायचा आवाज चढलेला नव्हता. पण ते वाक्य खोलीत पडलं आणि कोणालाच उचलता येईना. अमोल जमिनीकडे बघत होता. मी काही बोलायला तोंड उघडलं आणि खोकला आला. तो थांबेपर्यंत दोन्ही घरांची माणसं माझ्याकडे बघत राहिली, पुरावा बघावा तशी.

ठरलं ते असं: बरं वाटेपर्यंत मी माहेरी राहायचं. निघताना अमोल म्हणाला, “बरं वाटलं का येजो.” बरं नाही वाटलं तर काय, ते तोही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

डोंगरावर मोहाचा बहर सरत आला होता. झाडाखाली शेवटची फुलं पडलेली, जड, गोड, थोडी आंबूस. सकाळी बाया टोपल्या घेऊन जायच्या. पालापाचोळ्याचा धूर तर आमच्या दारातूनच जायचा. मी त्या धुरात उभी राहिले, गोठा झाडला, कडबा उतरवला. शेजारच्या काकूंच्या हिशोबाने मी मरायला हवी होती. उलट छातीतली शीळ बारीक होत होत गेली आणि एका सकाळी ऐकूच आली नाही. विहिरीवरून भरलेली घागर मी न थांबता घरी आणली.

त्याच सकाळी गोठ्यात माय म्हशीखाली बसली होती. मी तिच्यामागे उभी राहून विचारलं, “माय, खरं सांग. मले लहानपणी काही होतं का?”

दुधाची धार थांबली. तिने मागे वळून बघितलं नाही.

“तू बी?” ती म्हणाली.

नंतर तिने सांगितलं सगळं. आजोबांना बिडीचा खोकला होता. शर्यतीत मला उतरवलं नव्हतं, कारण पायात काटा मोडून पाय सुजला होता. मावशीशी गप्प व्हायची ते मावशीच्या स्वतःच्या संसाराचं असायचं. एकेक उत्तर अगदी साधं. पण मी विचारलं होतं, आणि ते विचारणं आमच्या दोघींच्या मध्ये बरेच महिने बसून राहिलं.

अमोलला फोन करून सांगितलं की मी बरी आहे. मला वाटलं, तो खूश होईल.

“एकदम बरी?”

“हो.”

“औषध घेऊन राह्यली का?”

“आता गरजच नाई पडत.”

तो थांबला. मग म्हणाला, “मंग इथीच कशी बिमार पडते तू?”

मग तोच पुढे म्हणाला,

“आई म्हणून राह्यली, का तुले इथी राहाचंच नाई.”

“आणि तू काय म्हणून राह्यला?”

त्याने फोन ठेवला नाही, पण बोललाही नाही.

आधी मी आजार लपवणारी होते. आता आजाराचं सोंग करणारी झाले. एकाच बाईला दोन्ही कसं जमेल, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. संशयाला आपल्याच दोन टोकांचा मेळ घालायची गरज पडत नाही.

काही दिवसांनी अमोल न कळवता आला. मोटारसायकल अंगणात लावली आणि मी काय करते आहे ते बघत उभा राहिला. मी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचत होते, घामाने निथळत, धडधाकट. त्याच्या चेहऱ्यावर आनंद की चोर सापडल्याचं समाधान, मला ओळखता आलं नाही. पाणी पिऊन तो म्हणाला, “चंद्रपूरले छातीची डॉक्टर आहे एक. चाल. खरं काय ते कळूनच जाऊ दे.” ते वाक्य मला आवडलं नाही. तरी मी त्याच्या मागे बसले.

डॉक्टरबाई मध्यमवयीन होत्या. तपासण्यापेक्षा विचारत जास्त होत्या. मला त्यांचाही संशय आला, या सासरच्यांच्या ओळखीच्या तर नसतील? त्यांनी मला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. मग हाताच्या आतल्या बाजूला ओळीने थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबातून सुईचं टोक टेकवलं. आम्ही वाट बघत बसलो. बाकीचे थेंब तसेच राहिले. धुळीतल्या बारीक किड्यांच्या थेंबाखाली थोडी गांधी आली. एका थेंबाखाली मात्र माझी कातडी डास चावल्यासारखी टरारून फुगली.

“बुरशी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “घरात ओल कुठे आहे?”

अमोलला हसू आलं. “मॅडम, चंद्रपुरात, या दिवसात ओल? इथी ओला टॉवेल टाकला तं उचलेपर्यंत वाळते.”

“कुलर आहे?”

त्याचं हसू थांबलं.

“ताट्यांतलं गवत कधी बदललं?”

“दरवर्षी. आई भरते.”

“बदलते की भरते?”

अमोल माझ्याकडे बघायला लागला. मी कुलरकडे बघत होते. म्हणजे तो तिथे नव्हता, पण मला दिसत होता, हिरवा, पुसलेला. आणि त्याच्या तोंडाशी अंथरलेली माझी जागा.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मी विज्ञान शिकलेली आहे हे कळल्यावर जरा मोकळेपणाने सांगितलं. आपल्या श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर, तिथल्या पेशींवर जन्मापासून काही रिसेप्टर, म्हणजे पहारेकरी रेणू, असतात. ते कोणा एकाला नावाने ओळखत नाहीत. बुरशीच्या भिंतीची ठेवण कशी असते, जंतूंच्या सालीची कशी असते, एवढंच त्यांना ठाऊक असतं. तसला आकार चिकटला की ते घंटा वाजवतात. शरीराची दुसरी, शिकणारी फौज ती घंटा ऐकून जागी होते आणि ठरवते, याला शत्रू म्हणून लक्षात ठेवायचं. एकदा ठेवलं की पुढच्या वेळी चिमूटभर पुरते. श्वासनळ्या आकसतात, सुजतात, चिकट होतात.

“आणि घंटा खोटी पण वाजते,” त्या म्हणाल्या. “धुळीतल्या त्या किड्यांचं एक प्रथिन अशा एका रिसेप्टरच्या जोडीदारासारखंच दिसतं. जोडीदार आला असं वाटून रिसेप्टर जागा होतो. आलेला असतो तोतया.”

“पण मी तर गोठ्याच्या भिंतीशी वाढले,” मी म्हणाले. “तिथे काय कमी बुरशी, कमी जंतू?”

“म्हणूनच कदाचित तिथे तुम्हाला काही होत नाही. लहानपणापासून रोज थोडं थोडं आत गेलं की पुष्कळ मुलांत हा पहारा शांत राहायला शिकतो, असं दिसतं. पण ती हमी नसते. इथे तुम्ही मोठ्या वयात आलात, आणि बंद खोलीत तासन् तास, तोंडासमोरून, ताकदीने एकाच प्रकारची बुरशी आत घेतलीत. त्यात बाहेरची धूळ, धूर यांचाही थोडा हात असेल. तुमच्या शरीराचा कलही असेल. सगळं मला सांगता येणार नाही. एकालाच फाशी देऊ नका. पण कुलर उघडून बघा.”

अमोलने विचारलंच. “म्हणजे मॅडम, आधीपासून नव्हता? लपवलं असं काई नाई?”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “लपवायला आधी असावं लागतं. आणि माहेरी गेल्यावर बरं वाटलं ना, तीच तर सगळ्यात मोठी खूण आहे. सोंग करणाऱ्याची कातडी अशी फुगत नाही.”

दवाखान्यातून तो मला घेऊन सरळ घरी आला. क्वार्टरसमोर गाडी लावली, चप्पल न काढता आत गेला, पेचकस घेतला आणि बाहेरून कुलरच्या मागच्या ताटीचे स्क्रू सोडवायला लागला. मी नाकाला पदर लावून लांब उभी होते. पल्लवी दारात आली. वरचं गवत यंदाचं, अजून पिवळसर होतं. त्याखालचं तपकिरी. त्याखालचं काळं. अमोल बोटांनी एकेक थर उपसत होता आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जड, चिकट निघत होता. शेवटचा जाळीला असा धरून बसला होता की तो गवत राहिलाच नव्हता. हिरवट काळ्या, मखमलीसारख्या बुरशीचा एक पापुद्रा होता तो. त्याचा वास आला आणि अमोल स्वतःच खोकायला लागला.

“ते नको काढू,” मागून सासूबाई म्हणाल्या.

आम्ही तिघांनी वळून बघितलं. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं.

“तुया बाबानं भरलेलं आहे ते. आतलं. म्हणून मी वरून भरत होती.”

अमोलचा हात जाळीवरच राहिला. मला त्या वेळी काय वाटलं ते मी प्रामाणिकपणे सांगते: माझा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. वाटलं, ही सबब आहे. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, अमोलकडेही नाही. त्या पापुद्र्याकडे बघत होत्या. नंतर त्या आत गेल्या. थोड्या वेळाने सगळं गवत अंगणात पोत्यात भरलेलं होतं आणि अमोल नळीने रिकामा पत्रा धूत होता. धूत असताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “फोनवर मी बोलाले पाहिजे होतं.” एवढंच.

वाळ्याच्या नव्या ताट्या आल्या. पाणी रोज बदलायचं, आठवड्याला टाकी घासायची, हे माझ्याकडे आलं. मी पुन्हा भिंतीशी झोपायला लागले. पल्लवीला तिची जागा परत मिळाली होती, पण तीही तिथे जाईना. त्या उन्हाळ्यात कुलरसमोरची जागा रिकामीच राहिली. सासूबाई नेहमीसारख्याच होत्या, बोलायच्या कमी. पण आता बघायच्याही कमी, आणि त्यामुळे मला जास्त चुकल्यासारखं व्हायचं. घरातल्या एका बाईने मला तिच्याजवळची सगळ्यात चांगली जागा दिली होती, आणि नेमकी तीच मला बाधली. याचं काय करायचं, हे ना डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं ना कोणत्या पुस्तकात होतं.

दमा गेला नाही. शरीराने एकदा शत्रू लक्षात ठेवला की सहसा विसरत नाही. श्वासातून औषध घ्यायचा पंप पर्समध्ये असतो. आता मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि प्रतिकारशक्तीचा धडा आला की सैनिक, तलवारी, किल्ला असं काही सांगत नाही. मी सांगते, आत कोणीतरी आहे जे सतत वास घेतं, चाचपतं, आणि ते चुकूही शकतं. मुलं विचारतात, मग ते नसलेलंच बरं का? नाही. त्याच्याशिवाय आपण महिनाभरही जगणार नाही. ज्याच्यामुळे जगतो त्याच्याचमुळे गुदमरतो, याची सवय करून घ्यावी लागते. घरातली माणसंही तशीच, असं म्हणायचा मोह होतो. पण माणसं पेशी नसतात. पेशीला माफी मागता येत नाही, आणि कधी कधी माणसाला येते, निराळ्याच वाटेने.

पल्लवीला बघायला गोंडपिपरीकडचे लोक आले होते, दोनेक वर्षांनी. मुलाची आई बोलकी होती, सगळं चौकशीने विचारत होती. मी आत पोह्यांना फोडणी दिली, मिरचीचा ठसका लागला आणि माझा खोकला काही केल्या थांबेना. पंप घेऊन, डोळे पुसून मी ताटल्या घेऊन बाहेर आले.

“सुनेले दमा आहे का?” त्या बाईंनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, सासूबाईंकडे बघून.

अमोल काहीतरी बोलायला पुढे सरकला. सर्दी आहे, मिरची लागली, असं सहज म्हणता आलं असतं. मीच ते म्हणणार होते.

“हो जी,” सासूबाई म्हणाल्या. “दमा आहे.”

“माहेराकडून आला का?”

“नाई. तिच्या माहेरी कोणालेच नाई. आमच्या घरी येऊन झाला.”

त्या बाईंनी हातातली ताटली हळूच खाली ठेवली. पुढे अर्धा तास बोलणं झालं ते पावसाचं, धानाचं, रस्त्याचं. ते लोक गेले आणि त्यांचा निरोप कधी आला नाही. पल्लवीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, चांगलं झालं. पण त्या दिवशी ते कोणाला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी सासूबाईंचं ते वाक्य उलटसुलट करून बघितलं. त्या असं का बोलल्या? त्यात त्यांचा काय डाव असेल? पल्लवीच्या रक्तात हा आजार नाही, हे सांगायचं असतं तर ‘सुनेचा आहे, माहेरचा आहे’ एवढं पुरलं असतं. त्यांनी तर आपल्याच घराकडे बोट दाखवलं होतं, लेकीला बघायला आलेल्या लोकांसमोर. मला काही सापडेना. शेवटी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

“काऊन बोलल्या तुमी तसं, आई?”

त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

“इचारलं त्यायनं,” त्या म्हणाल्या. “खोटं कायले सांगू?”

मी अजून काही येईल म्हणून उभी राहिले. त्या पुढचा खडा शोधू लागल्या. मग मी खाली बसले आणि सुपातले थोडे तांदूळ माझ्याकडे ओढून घेतले.